नावाचा अर्थ आणि नावापलीकडची कृपा

पवित्र शास्त्रातील नावांच्या अर्थांतून आध्यात्मिक बोध काढण्याची प्रथा मंडळीत फार जुनी आहे. संत जेरोम याने चौथ्या शतकाच्या अखेरीस हिब्रू नावांच्या अर्थांचा एक कोशच लॅटिन भाषेत सिद्ध केला. आपले पाळक व धर्मशिक्षकही या वाटेने जातात. त्यात गैर काही नाही. मात्र वाट निसरडी आहे. म्हणून दोन गोष्टी आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो.

पहिली गोष्ट अशी की, ज्या नावाचा अर्थ शास्त्र स्वतः उलगडते त्यावर निःशंकपणे बोलावे. इब्री लोकांस पत्राचा लेखक मलकीसदेक या नावात ‘नीतिमत्त्वाचा राजा’ पाहतो (इब्री ७:२). योहान शिलोह या नावाचा अर्थ ‘पाठवलेला’ असा देतो (योहान ९:७). परंतु मथुशलह या नावाचा अर्थ शास्त्राने कोठेही सांगितलेला नाही. त्याच्या मृत्यूनंतर जलप्रलय येईल, अशी भविष्यवाणी काही उपदेशक त्या नावातून काढतात. भाषेच्या कसोटीवर ती टिकत नाही. जेथे शास्त्र मौन पाळते, तेथे नुसत्या शब्दकोशावर सिद्धांत उभारू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नाव हा कथेचा आरंभ असतो, शेवट नव्हे. होशेय संदेष्ट्याच्या कन्येचे नाव, इस्राएलाविरुद्ध चिन्ह म्हणून, लो-रुहामा असे ठेवण्यात आले (होशेय १:६). त्याचा अर्थ ‘दया न पावलेली’. हिब्रू भाषेत या दयेचा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी निगडित आहे. म्हणजे ही दया आईच्या मायेसारखी. येथेच थांबणारा उपदेश केवळ न्यायदंड सांगेल. परंतु पुढच्याच अध्यायात त्या नावातील ‘लो’, म्हणजे ‘नाही’, हा शब्द गळून पडतो (२:१, २३). एक अक्षर जाते आणि दंडाची कृपा होते. प्रेषित पेत्र हेच वचन ख्रिस्ताच्या मंडळीला लावतो (१ पेत्र २:१०).

मराठी कानांना ही कन्या परकी वाटू नये. मुलगा हवा असता मुलगी झाली, म्हणून आपल्याकडे कित्येक लेकींचे नाव ‘नकोशी’ ठेवले गेले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेंहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. तसेच नाव घेऊन वाढलेली एखादी स्त्री आपल्याही मंडळीत मागच्या रांगेत बसलेली असेल. नाव म्हणजेच प्राक्तन, असा ध्वनी आपल्या उपदेशातून निघाला, तर तिच्या जखमेवर आपण शास्त्राचा शिक्का मारल्यासारखे होईल.

म्हणून, बंधूंनो, नावांचा अर्थ अवश्य सांगा. पण लो-रुहामेला पहिल्या अध्यायात एकटी सोडून व्यासपीठावरून खाली उतरू नका.