तळव्यांना जमीन कळते तोवर

ताईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते तिच्या चालण्याबद्दल. तोल कधीपासून जातो? घरात आणखी कुणाला? प्रश्न नेमका होता. कधीकधी स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यंच लहान मेंदूवर उलटतात, आणि चांगला चालता माणूस काही आठवड्यांत आडवा होतो. एटीएम जनुकाचंही बघावं लागतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर लहानपणीच तोल घालवणारा अ‍ॅटॅक्सिया होतो आणि रेडिएशन सोसत नाही. एकच बिघडली तर चाल ठीक राहते, पण स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ताईचं यातलं काहीच नाही. तिला एससीए-2 आहे, लहान मेंदू हळूहळू झिजवणारा आजार, आमच्या वडिलांकडून आलेला. अशा आई किंवा वडिलांच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते.

गाठ तिच्या बोटांना सापडली नव्हती. तिचं बोट टेकवायचं तिथे टेकत नाही, पुढे सरकतं. अंघोळ घालताना गाठ माझ्या हाताला लागली. दुसऱ्याच्या हातांचा असा उपयोग मोजूनही झालाय. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. वीस वर्षांनी हिशेब झाला तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी दिसले. ज्यांचे स्वतःचे हात ऐकत नाहीत, त्यांना अशी तपासणी कुणीतरी दारात आणून द्यायलाच हवी.

शस्त्रक्रियेनंतर दर आठवड्याला केमोथेरपीचं पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. कॉटन ग्रीनच्या घरून काळाचौकी, लालबाग करत टॅक्सीने परळला, टाटात. अंतर फार नाही, पण टॅक्सीत बसणं आणि उतरणं हेच मोठं काम. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, त्यावर भार टाकायचा नाही. म्हणजे सुई उजव्या हाताला. काठीही त्याच हातात. ड्रिप चालू असेपर्यंत ताईला हातच उरत नाहीत. त्यात अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून आधी दिलेल्या इंजेक्शनने गुंगी येते, जीभ आणखी जड होते. म्हणून सुई लागण्याआधीच बाथरूमला जाऊन यायचं. मधेच उठावं लागलं, तर मी तिला दंडाला धरत नाही, कमरेच्या पट्ट्याला मागून धरते. फिजिओथेरपिस्टने तसं शिकवलंय. दंडाला धरलं की दोघी पडतो.

खरी भीती मात्र घरी आल्यावरची. तोल कानाचा आतला भाग, डोळे आणि तळवे यांच्याकडून येणाऱ्या खबरींवर उभा असतो, आणि त्या जुळवायला लहान मेंदू लागतो. ताईचा लहान मेंदू झिजतोय, म्हणून ती जमिनीकडे बघत, पाय फाकवून चालते. रात्री दिवा चालू ठेवते. पॅक्लिटॅक्सेल नसा बधिर करतं. तळव्यांना जमीन कळेनाशी झाली, तर एकटे डोळे किती सांभाळणार? टाटाच्या शेजारच्या केईएम रुग्णालयात न्यूरॉलॉजीचे डॉक्टर ट्यूनिंग फोर्क वाजवून तिच्या घोट्यावर टेकवतात. "थरथर थांबली की सांगा." पूर्वीपेक्षा ती लवकर "थांबली" म्हणू लागली, तसं टाटातल्या डॉक्टरांनी औषधाचा डोस कमी केला. दोन रुग्णालयांमधला तो कागद मीच हातोहात नेते, कारण दोन्ही आजार एकाच पायात येऊन भेटतात, हे दोन्हीकडे कळायला हवं.

पुढे लेट्रोझोल हे इस्ट्रोजेन कमी करणारं औषध आहे, पाच वर्षं. त्याने हाडं ठिसूळ होतात, आणि पडणाऱ्या बाईला ते परवडत नाही. हाडांची घनता तपासून झाली, कॅल्शियम चालू आहे. व्हीलचेअर कायमची घ्यावी का, असं मी विचारलं तर ताई तुटक तुटक, एकेक अक्षर सोडवत म्हणाली, "गॅ-लरी-त ना-ही." चाळीच्या गॅलरीत ती रोज फेऱ्या मारते. जाताना कठडा उजव्या हाताला येतो. येताना डाव्या, आणि त्या हातावर भार द्यायचा नाही. म्हणून भिंतीच्या बाजूने, दारं सोडून, आम्ही लोखंडी पाइप बसवून घेतला. शेजारच्या काकूंनी न सांगता चपलांचा स्टँड आत नेला.