जवसाचं तेल अन् ठाण्याचे डॉक्टर

आपल्याकडे जवस म्हटलं की चटणी आठवते, नाहीतर रब्बीतला थोडासा पेरा. पण तैलचित्रातलं 'तैल' बहुधा हेच. रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटतात. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. रंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून चित्रकाराला पुसायला, बदलायला सवड मिळते. पांढऱ्या रंगात पुष्कळदा करडईचं तेल असतं, ते कमी पिवळं पडतं. दोन्ही पिकं आपलीच! चित्रं मात्र आपली वाटत नाहीत. का बरं?

हा सवाल एका डॉक्टरांनी फार मनावर घेतला. सुधीर पटवर्धन, जन्म १९४९, पुणे. तिथल्याच सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली डॉक्टर झाले. १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ. चित्रकलेची पदवी नाही, हात स्वतःच घडवला. दिवसा माणसाची हाडं पाहायची, उरल्या वेळात माणूस रंगवायचा. २००५ मध्ये डॉक्टरकी सोडली, मग पूर्णवेळ चित्रंच. पुढे ॲक्रिलिक रंगही हाताळले.

रंगवलं कुणाला? इराण्याच्या हॉटेलात बसलेल्या माणसाला (१९७७), लोकलच्या गर्दीला, मजुरांना. १९८१ च्या एका चित्राचं नावच 'ॲक्सिडेंट ऑन मे डे', म्हणजे कामगार दिनाचा अपघात. दुष्काळात गाव सोडून ठाणे-उल्हासनगरकडे गेलेली आपल्या आळीतली पोरं आठवा. ही चित्रं त्यांच्या जगाची. पण त्यातला मजूर केविलवाणा नाही, अन् पोस्टरवरचा मूठ आवळलेला वीरही नाही. थकलेला आहे, पण अंगापिंडानं भक्कम. आम्हाला तरी हेच मोठं वाटतं.

रीत साधी. शहरात हिंडायचं, न्याहाळायचं, रेखाटनं करायची, फोटो घ्यायचे, मग मोठ्या कॅनव्हासवर सगळ्याची जुळणी. म्हणून चित्रातला चौक जसाच्या तसा शोधायला जाल तर सापडायचा नाही, तरी ओळखीचा वाटेल.

ज्याला रंगवलं त्यानं चित्रात स्वतःला ओळखावं, ही पटवर्धनांची जुनी इच्छा. घोडं तिथंच अडतं. तो माणूस मुंबईच्या गॅलरीत जातो कुठं? चित्र लागतं ते पैसेवाल्याच्या दिवाणखान्यात. यावर त्यांनी नुसती हळहळ केली नाही. २००८ च्या सुमारास आजच्या भारतीय चित्रकारांची कामं गोळा करून 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन त्यांनी महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावांत फिरवलं. तिकडं नेहमी छापील चित्रंच पोचायची, यावेळी अस्सल चित्रं पोचली.