रोजच्या वाटेचं तारण

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी गल्ल्याच्या वर लटकलेली असते आणि तिच्याच खाली, फळीवर, उधारीच्या वह्यांची चळत असते. पाटी अनोळखी गिऱ्हाइकासाठी, वह्या ओळखीच्यांसाठी. किराणा दुकानाविषयी गेली वीस वर्षं जी चर्चा चालली आहे ती बहुतेक पाटीच्या बाजूनं चालते: भाव काय, माल किती तऱ्हांचा, घरपोच किती मिनिटांत. या कसोट्या लावल्या तर कोपऱ्यावरचा वाणी केव्हाच हरायला हवा होता. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत उघडलं आणि झेप्टोसारखी दहा मिनिटांत सामान आणून देणारी कंपनी २०२१ साली मुंबईतच जन्मली, तरी गल्लीतलं दुकान आहे. ते सवयीनं किंवा माणुसकीनं टिकलं, असं म्हणणं मला पटत नाही. गिऱ्हाईक तिथून साखर-चहाबरोबर मुदतही नेतं, आणि ती मुदत देणं वाण्याला परवडतं ते दुकान कोपऱ्यावर असल्यामुळे. जवळ असणं ही गिऱ्हाइकाची सोय खरीच, पण त्याहून जास्त ती दुकानदाराची हमी आहे.

मुदतीची गरज का पडते, हे मुंबईच्या गिरणगावात फार स्पष्ट दिसतं. गिरणीत पगार महिन्याचा असे आणि महिना भरल्यावरही तो दहा-पंधरा दिवस अडकून राही. म्हणजे कोकणातून किंवा घाटावरून नव्यानं आलेल्या माणसाच्या हातात पहिला पगार पडेपर्यंत दीड महिना जाई. तेवढे दिवस चूल पेटत होती ती धान्यवाल्याच्या खात्यावर. मुंबईच्या कामगार कार्यालयानं १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात असल्याचं आढळलं. सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यायची सक्ती मालकांवर आली ती १९३६च्या वेतन अदायगी कायद्यानं. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे की संप किती दिवस तगणार, हे ठरवण्यात वस्तीतल्या या उधारीचा मोठा वाटा असे. १९२८चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. इतके दिवस गिरणीबाहेर काढणाऱ्या कामगारामागे युनियनइतकाच शेजारचा धान्यवालाही उभा असणार. आणि तो केवळ सहानुभूतीनं नव्हे, कारण खातं मध्येच तोडलं तर मागची बाकी बुडाली. देणारा आणि घेणारा एकमेकांत अडकलेले होते.

हे अडकणं कायद्याच्या जोरावर नसतं. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायला मुदत कायदा तीन वर्षं देतो, पण साडेतीनशे रुपयांच्या बाकीसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो? खात्याचं पान पाहिलं की व्यवहाराचं स्वरूप कळतं. वर नाव, तेही बहुधा अर्धंच: ‘शिंदेवहिनी, वरचा मजला’. खाली तारीख, साखर अर्धा किलो, तूरडाळ पाव, चहापुडी एक, साबण एक. मग ‘जमा’ अशी नोंद, तीही पूर्ण रकमेची नव्हे, पाचशेच्या बाकीतले दोनशे. आणि पान उलटताना ‘मागची बाकी’. व्याजाचा रकाना नाही, फेडीची तारीख नाही, सही नाही, तारण लिहिलेलं नाही. तारण आहे ते म्हणजे रस्ता. शिंदेवहिनींना कामावर जाताना, मुलाला शाळेत सोडताना, नळाचं पाणी गेलं म्हणून चौकशी करताना याच दुकानावरून जायचं आहे. बाकी फार वाढली तर त्यांनाच वाट बदलावीशी वाटते, आणि वाट बदलली हे वाण्याला दुसऱ्याच दिवशी कळतं. पत ठरवण्याची इतकी स्वस्त पद्धत कुठल्याही बँकेकडे नाही.

यावर पहिला आक्षेप भावाचा: गरीब माणूस वाण्याकडे जास्त पैसे मोजतो. मोजतो, हे खरंच आहे. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं १९९०च्या सुमारास बंधनकारक झालं आणि वाण्याला उधारीचं व्याज पाकिटाच्या भावात चढवायची सोय उरली नाही. तो छापील किमतीला विकतो. मोठं दुकान रोखीच्या गिऱ्हाइकाला त्याहून कमी लावतं. या दोहोंतला फरक म्हणजेच मुदतीची, छोट्या मापाची आणि जवळिकीची किंमत. ती फुकट नाही, पण तिला छापील मर्यादा आहे. सुट्या मालाला मात्र अशी मर्यादा नाही. डाळ-तांदळात भाव आणि प्रत दोन्ही वाण्याच्या हातात, आणि खातेदाराला घासाघीस करता येत नाही, कारण त्याची बाकी निघते. इथे आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तरी महिन्याचं सामान एकदम भरायला एकरकमी पैसे लागतात; ज्याच्याकडे ते नाहीत त्याला मोठ्या दुकानातली सवलत फक्त जाहिरातीत दिसते. जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालचं रेशनचं धान्य मोफत झालं, पण तेल, डाळ, चहा, साबण यांच्यासाठी पाय वाण्याकडेच वळतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वही एकाच्याच हातात असते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली. त्यांतले बरेच सावकार दुकानदारही होते आणि लोकांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर, कागद हाती आले की जाळण्यावर. चार वर्षांनी झालेल्या दख्खन शेतकरी कायद्यानं ऋणकोला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुकातली नोंद मागायचा हक्क दिला. दुकानात मोठी वही आणि गिऱ्हाइकाकडे छोटी वही ही आजही काही ठिकाणी दिसणारी पद्धत त्याच शहाणपणाची आहे. जिथे छोटी वही नाही तिथे खातेदार आंधळा असतो. शिवाय ‘लिहून ठेवा’ म्हणायचा अधिकार सर्वांना सारखा नाही. वेगळ्या जातीधर्माचा माणूस, परप्रांतीय भाडेकरू, एकटी राहणारी बाई, यांना खातं देताना वाण्याचा हात आखडतो आणि त्याविरुद्ध दाद कुठेच मागता येत नाही. घरात काय शिजतं, कोण आजारी आहे, दारूपायी पगार कुठे गेला, हे सगळं गल्ल्यावर ठाऊक असतं. ही व्यवस्था न्याय्य आहे असा माझा दावा नाही. पण हातावर पोट असलेल्या माणसाच्या उत्पन्नाला तारीख नसते, आणि बिनतारखेची उधारी देणारं दुसरं कोणी अजून पुढे आलेलं नाही.

ॲपवरची उधारी हे उत्तर देते, असं तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात. तिला ठरलेली तारीख असते, ती चुकली की दंड लागतो आणि नोंद पतमापन संस्थेकडे जाऊ शकते. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकेतर कंपन्यांना उधारीच्या पैशानं डिजिटल पाकिटं भरायला मनाई केली. पाचशेतले दोनशे देऊन ‘बाकीचं दिवाळीनंतर’ म्हणण्याची जागा ॲपच्या करारात नाही. दुसरीकडे खाताबुक, ओकेक्रेडिट यांसारख्या ॲपमुळे वाण्याची वहीच फोनवर गेली. याचा एक चांगला परिणाम म्हणजे नोंद दोघांनाही दिसते. सुप्याच्या शेतकऱ्याला जे हवं होतं ते हेच. पण बाकीचा निरोप नजरेऐवजी मेसेजनं आला की तो नवऱ्याच्या फोनवरही येतो, आणि बाईनं स्वतःच्या बळावर चालवलेलं खातं घरात उघडं पडतं.

माझ्या मते खात्याला खरा धोका ॲपचा नाही, वाट बदलण्याचा आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे. ते मिळायलाच हवं होतं. पण चाळीत जिन्यावरून उतरलेला प्रत्येक माणूस ओळखीच्या दुकानांवरून जाई, आणि मनोऱ्यात तो उद्वाहनातून थेट वाहनतळात किंवा फाटकाबाहेर जाऊ शकतो. दुकानदारालाही बदली गाळा मिळेल, त्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजून. तो गाळा जिन्यापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर पडतो की इमारतीच्या पाठीमागे, हे मात्र रहिवाशांनी नकाशा मंजूर होण्याआधीच पाहून घ्यायला हवं.