जुन्या ट्रॅक्टरला बाहेरचा पार्ट चालतो का?

जुना ट्रॅक्टर नव्याने उभा करायला घेतला की गॅरेजमध्ये पहिला वाद सुट्या भागांवरून होतो. मालकाला ‘कंपनीचा’ पार्ट हवा असतो, मेस्त्री ‘बाहेरचा’ सुचवतो आणि दुकानदार दोन्ही खोकी पुढे ठेवून किमतीतला फरक सांगतो. माझ्या मते खोक्यावरच्या नावावरून हा निर्णय घेणंच चूक आहे. हा भाग बसवण्याआधी तपासता येतो का, आणि तो फसला तर ट्रॅक्टर पुन्हा कुठवर उघडावा लागेल, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

मुळात ‘कंपनीचा’ पार्ट कंपनीने बनवलेला असतोच असं नाही. मॅसी फर्ग्युसन बनवणाऱ्या चेन्नईच्या टाफेच्या ट्रॅक्टरना इंजिन सिम्पसनचं असतं. जुन्या ट्रॅक्टरांचे डिझेल पंप आणि नोझल बहुधा मायकोचे असत. तीच मायको २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते. बेअरिंग, ऑइल सील, पिस्टन, रिंगा असं बरंचसं सामान ट्रॅक्टर कंपन्या पहिल्यापासून बाहेरून घेत आल्या. तोच कारखाना तोच माल स्वतःच्या नावाच्या खोक्यात विकत असेल, तर त्याला कमअस्सल म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय कित्येकांना निवडीची सोयच उरलेली नाही. एचएमटीने १९७१ मध्ये झेटरच्या सहकार्याने २५११ हा ट्रॅक्टर आणला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. आज तो ट्रॅक्टर शेतात चालतोय तो जुन्या बाजारातल्या आणि लुधियाना, राजकोटसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतल्या सामानावर.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे बाहेरच्या मालाच्या मापाचा भरवसा नसतो. आक्षेप खरा आहे, पण माप घेता येतं. पिस्टन रिंगेचंच पाहा. ज्या मॅसी फर्ग्युसन ३५ वरून आपल्याकडचा १०३५ आला, त्यातल्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स डिझेल इंजिनाचा बोअर ३.६ इंच, म्हणजे ९१.४४ मिलिमीटर. नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटीच लायनरमध्ये घालायची, उलट्या पिस्टनने हलकेच ढकलून सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. ढोबळ हिशोब असा की बोअरच्या दर इंचाला तीन ते चार हजारांश इंच फट हवी. अखेरचा शब्द अर्थातच त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. फट कमी असली तर इंजिन तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि लायनरवर ओरखडे पडतात. जास्त असली तर कॉम्प्रेशन गळतं आणि ऑइल जळायला लागतं. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि ती कंपनीच्या रिंगेलाही चुकवू नये. क्रँक घासून आणल्यावर बेअरिंगच्या मागचा अंडरसाइजचा आकडा पाहणं, जुन्या इंची आट्यात मिलिमीटरचा बोल्ट दामटला जात नाही ना हे बघणं, हीही त्याच जातीची कामं.

पण डोळ्यांनी आणि गेजने कळत नाही असंही बरंच काही असतं. सीलचं रबर उष्णतेत किती टिकेल, क्लच प्लेटचं अस्तर कसं आहे, गिअरच्या दातांना पाणी नीट दिलंय का, हे दुकानात कळणार नाही. क्लच प्लेट किंवा क्रँकचं मागचं सील बदलायचं तर अशा ट्रॅक्टरचे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. सील किरकोळ किमतीचं असलं तरी ते गळलं की पुन्हा तीच सगळी मजुरी पडते, आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो तो वेगळाच. इथे पैसे वाचवू नयेत. नावाजलेल्या कारखान्याचाच माल घ्यावा. ब्रेक आणि स्टीअरिंगबाबत तर तडजोडीचा विषयच नको, तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

जतनाच्या दृष्टीने येणारा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. बाहेरचे भाग घातल्यावर तो ट्रॅक्टर तोच राहतो का? फरिदाबादला १९५९ मध्ये भारतातला पहिला ट्रॅक्टर, आयशरचा, तयार झाला. त्या काळातलं जे यंत्र टिकून असेल ते आपल्या शेतीच्या इतिहासाचा पुरावा आहे. मात्र रिंगा, सील, फिल्टर, क्लच प्लेट हे झिजायचेच भाग आहेत आणि ट्रॅक्टर नवा असतानाही ते बदललेच जात. इतिहास असतो तो ओतीव हाउसिंगवरच्या नंबरात, बोनेटच्या पत्र्यात, बिल्ल्यात, सीटमध्ये. तिथे नवा पत्रा आणण्यापेक्षा जुना ठोकून, वेल्डिंग करून वाचवणं केव्हाही चांगलं. दिसायला चकचकीत म्हणून मूळ मडगार्ड भंगारात घालणारे मालक मला बाहेरची रिंग घालणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करताना दिसतात.

दुसऱ्याच्या नावाची खोटी खोकी छापून विकला जाणारा डुप्लिकेट माल मात्र या चर्चेत धरूच नये. स्वतःच्या नावाने विकणारा छोटा कारखानदार निदान जबाबदारी घेतो; नाव चोरणारा फसवतो, आणि ट्रेडमार्क कायद्याने तो गुन्हा आहे. म्हणून भाग घेताना बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा, आणि नवा भाग बसून ट्रॅक्टर कामाला लागेपर्यंत काढलेला जुना भाग भंगारवाल्याला देऊ नका.