काइटसर्फिंगमधील सुरक्षा व शिष्टाचार

काइटसर्फिंगमधील सुरक्षा व शिष्टाचार म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी चालविण्याच्या क्रीडाप्रकारात खेळाडूंनी स्वतःच्या व इतरांच्या रक्षणासाठी पाळावयाचे नियम व संकेत होत. यांतील काही नियम नौकानयनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांवर आधारलेले आहेत, तर काही संकेत खेळाडूंच्या अनुभवातून रूढ झाले आहेत. या खेळातील गंभीर अपघात पाण्यापेक्षा किनाऱ्यावर व उथळ पाण्यात अधिक संभवतात. म्हणून बहुतेक नियम किनाऱ्याशी संबंधित आहेत.

पार्श्वभूमी

फ्रान्समधील ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या बंधूंनी हवा भरून फुगविता येणाऱ्या आणि पाण्यात पडल्यावर पुन्हा उडविता येणाऱ्या पतंगाचे एकस्व १९८४ साली नोंदविले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे पतंग बाजारात आल्यावर खेळाचा प्रसार झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला व त्याच्या शर्यती मार्सेय येथे झाल्या. भारतात गोव्यातील मोरजी–आश्वे किनारा आणि तामिळनाडूतील रामेश्वरमचा परिसर ही या खेळाची परिचित स्थळे आहेत.

साधने व धोक्याचे स्वरूप

संक्रांतीस उडविला जाणारा पतंग व या खेळातील पतंग यांत मूलभूत फरक आहे. साधा पतंग अनावर झाल्यास मांजा हातातून सोडून देता येतो. काइटसर्फिंगमध्ये मात्र पतंग खेळाडूच्या कमरपट्ट्याला जोडलेला असतो. त्याचे क्षेत्रफळ सामान्यतः ७ ते १४ चौरस मीटर व दोरांची लांबी २० ते २५ मीटर असते. पतंगाची दिशा व ओढ एका आडव्या दांडीने नियंत्रित केली जाते.

पतंगाची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १२ नॉटवरून (ताशी सुमारे २२ किमी) २४ नॉटवर गेला, तर वेग दुप्पट होतो. पण ओढ चौपट होते. त्यामुळे अचानक आलेल्या झोतात खेळाडू वाळूवरून फरफटत जाणे अथवा हवेत उचलला जाऊन झाड, भिंत वा खडक यांवर आदळणे संभवते. ताणलेले बारीक दोर त्वचा कापू शकतात. म्हणून पतंग उडत असताना दोरांना हात लावू नये व कोणीही दोरांच्या मधून जाऊ नये.

प्रत्येक संचात आणीबाणीची सुटका-यंत्रणा असते. तिच्या वापराचा क्रम ठरलेला आहे. प्रथम दांडी सोडून द्यावी, म्हणजे पतंगाची बरीचशी ओढ कमी होते. तेवढ्याने न भागल्यास कमरपट्ट्याजवळील मुख्य सुटका ओढावी. त्यामुळे पतंग एकाच दोरावर लोंबकळून निष्प्रभ होतो. तरीही धोका टळला नाही तर सुरक्षादोराची सुटका ओढून पतंग पूर्णपणे सोडावा. खाली माणसे असताना सुटलेला पतंग त्यांना इजा करू शकतो, म्हणून हा शेवटचा उपाय मानला जातो. हा क्रम पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर सरावाने अंगवळणी पाडणे आवश्यक असते. शिरस्त्राण, तरंगण्यास मदत करणारे जाकीट आणि दोर कापण्याचा आकडीसारखा चाकू ही अन्य सुरक्षा-साधने होत.

वारा व हवामान

दुपारी जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, तीवरील हवा वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. गोवा व कोकणच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर हिवाळ्यात व उन्हाळ्यात दुपारनंतर ते बहुधा वायव्येकडून येतात. असे तिरकस किनाऱ्याकडे वाहणारे वारे या खेळास सर्वांत सुरक्षित असतात, कारण अडचणीत सापडलेला खेळाडू हळूहळू किनाऱ्याकडेच ढकलला जातो.

रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे याउलट धोकादायक असतात. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसते; परंतु पतंग पडल्यास खेळाडू खोल समुद्राकडे वाहत जातो. बचावनौका उपलब्ध नसेल तर अशा वाऱ्यात पाण्यात उतरू नये. समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येणारा वारा वेगळ्या कारणाने घातक ठरतो; त्यात खेळाडू किनाऱ्यावरील वस्तूंवर आदळण्याची शक्यता वाढते.

मे महिन्यातील वळवाच्या पावसाआधी वाऱ्याचा वेग काही मिनिटांत कित्येक पटींनी वाढू शकतो. क्षितिजावर काळे ढग दिसताच पतंग उतरवून त्यातील हवा काढणे इष्ट असते. भारतीय हवामानशास्त्र विभाग मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा देतो, तेव्हा तो काइटसर्फिंगलाही लागू समजावा. पावसाळ्यातील खवळलेला समुद्र नवशिक्यांसाठी सर्वथा वर्ज्य होय.

किनाऱ्यावरील संकेत

नवख्या ठिकाणी प्रथम स्थानिक खेळाडू, जीवरक्षक वा मच्छीमार यांच्याकडे पाण्याखालील खडक, प्रवाह, भरती-ओहोटीच्या वेळा व मनाई असलेली क्षेत्रे यांची चौकशी केली जाते. वारा ज्या दिशेला वाहतो ती 'वाऱ्याखालची' बाजू होय. या बाजूस किमान ५० मीटर, म्हणजे दोरांच्या लांबीच्या सुमारे दुप्पट, जागा माणसे, झाडे, वाहने व विजेच्या तारा यांपासून मोकळी असावी.

पतंग उडविताना सहायकाची मदत घेतली जाते. दोर योग्य जोडले आहेत याची दोघांनी खात्री केल्यावर खेळाडू अंगठा वर करून इशारा देतो व त्यानंतरच सहायक पतंग सोडतो. पतंग समुद्राच्या बाजूने वर चढविला जातो, म्हणजे चूक झाल्यास तो लोकांवर न पडता पाण्यावर पडतो. पतंग वर गेल्यावर किनाऱ्यावर रेंगाळणे टाळले जाते. उतरविण्यासाठी साहाय्य हवे असल्यास डोक्यावर हात थोपटून खूण करतात. ही खूण दिसल्यावर मदतीस जाणे हे प्रत्येक अनुभवी खेळाडूचे कर्तव्य मानले जाते. मात्र ज्याला पतंग धरण्याची रीत माहीत नाही अशा पर्यटकाला सहायक करू नये.

जमिनीवर ठेवलेला पतंग पालथा करून त्याच्या हवा भरलेल्या कडेवर पुरेशी वाळू टाकतात. वापरात नसलेले दोर गुंडाळून ठेवले जातात, कारण वाळूत पसरलेल्या दोरांत चालणाऱ्यांचे पाय अडकतात.

पाण्यावरील अग्रक्रम

पोहणारे, मच्छीमारी नौका व अन्य जलप्रवासी यांच्यापासून दूर राहण्याची जबाबदारी नेहमी काइटसर्फरची असते. खेळाडूंमधील प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत :

– समोरासमोर येणाऱ्या दोघांपैकी ज्याचा उजवा हात प्रवासाच्या दिशेने पुढे आहे त्याला अग्रक्रम असतो. दुसऱ्याने मार्ग बदलावा.
– जवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या बाजूचा खेळाडू पतंग उंच ठेवतो व वाऱ्याखालचा खेळाडू खाली आणतो, म्हणजे दोर एकमेकांत अडकत नाहीत.
– मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढील खेळाडूपासून अंतर राखावे.
– किनाऱ्यावरून निघणाऱ्यास परतणाऱ्यापेक्षा अग्रक्रम असतो, कारण पतंग हाती घेऊन किनाऱ्यावर थांबणे अधिक धोक्याचे असते.
– लाटेवर स्वार झालेल्यास अग्रक्रम असतो.
– उडी मारण्यापूर्वी सुमारे ५० मीटर वाऱ्याखाली व ३० मीटर वाऱ्याच्या वरच्या बाजूस कोणी नाही याची खात्री करावी.

अग्रक्रम असला तरी टक्कर टाळणे हे दोघांचेही कर्तव्य असते. नवशिक्यास नियम वापरण्याइतके नियंत्रण नसते, हे ओळखून अनुभवी खेळाडूंनी त्याला अधिक जागा द्यावी आणि नवशिक्यानेही गर्दीपासून दूर राहावे.

पतंग निकामी झाल्यास फळीपेक्षा पतंगाला धरून राहणे हिताचे असते. तो तरंगतो व दुरून दिसतो. दोर दांडीवर गुंडाळत पतंगापर्यंत पोहोचून त्याचा शिडासारखा उपयोग करीत किनाऱ्याकडे येता येते. मदतीसाठी दोन्ही हात डोक्यावर पुनःपुन्हा हलवितात. भारतीय तटरक्षक दलाचा समुद्रातील शोध व बचावासाठीचा क्रमांक १५५४ असून सर्वसाधारण आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे.

स्थानिक समाज व पर्यावरण

मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे गोव्यातील किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथेही ही विण होते. कासवे भरतीरेषेच्या वरच्या वाळूत अंडी घालतात. पतंग पसरण्यासाठी खेळाडूंना हीच कोरडी वाळू सोयीची वाटते. ही कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने विणीची कुंपण घातलेली जागा सोडून साहित्य मांडणे हे कायद्याने व नीतीने बंधनकारक ठरते.

कोकण-गोव्यात किनाऱ्यावरून ओढावयाच्या रापण जाळ्यांनी मासेमारी करण्याची परंपरा आहे. समुद्रात अर्धवर्तुळाकार पसरलेले जाळे दोन्ही टोकांनी अनेक माणसे ओढत असताना त्या पाण्यात फळीवरून शिरल्यास जाळे फाटते, दिवसाची कमाई बुडते व खेळाडूही अडकू शकतो. किनारा मच्छीमारांसाठी उपजीविकेचे साधन आहे. त्यामुळे रापण सुरू असताना दूर राहणे, होड्यांच्या दोरांना हात न लावणे व होडी ओढताना वाट मोकळी करणे हे संकेत पाळले न गेल्यास खेळालाच स्थानिक विरोध होतो. अनेक देशांत असे वाद वाढल्यावर काही किनाऱ्यांवर खेळास बंदी घातली गेली आहे.

गोव्यातील किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी या संस्थेचे जीवरक्षक कार्यरत आहेत. लाल-पिवळ्या निशाणांमधील पाणी पोहणाऱ्यांसाठी राखीव असते व तेथे पतंग नेऊ नये.

अंतर्भागातील जलाशय

वर्ध्यासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतील धरणांच्या विस्तीर्ण पाण्यावर हा खेळ शक्य वाटतो. परंतु तेथील धोके वेगळे आहेत. टेकड्या व झाडांवरून येणारा वारा तुटक व झोतांचा असतो. पाण्याखाली बुडालेली झाडांची खोडे, मासेमारीची जाळी व काठावरील वीजवाहिन्या यांचा अंदाज येत नाही. बचावयंत्रणाही जवळ नसते. वर्धा जिल्ह्यातील बोर धरणाचा परिसर व्याघ्र प्रकल्पाशी निगडित असल्याने तेथे वन विभागाचे निर्बंध लागू होतात. भरती-ओहोटी व समुद्रप्रवाह यांचा अनुभव नसलेल्या अशा प्रदेशांतील नवशिक्यांनी किनाऱ्यावरील प्रशिक्षित शिक्षकाकडूनच शिक्षण घेणे श्रेयस्कर असते. प्रारंभीचे धडे जमिनीवर लहान पतंगाने दिले जातात. पतंगावर प्रभुत्व आल्यानंतरच फळी हाती दिली जाते.