मुक्या सोबत्याच्या खुब्याचे दुखणे

लॅब्रॅडॉरचे गुबगुबीत पिल्लू घरात आले म्हणजे पहिले काही महिने कौतुकातच जातात. मग एके दिवशी लक्षात येते, की स्वारी हल्ली जिना चढायला कुरकुर करते. उठताना कष्टी होते. धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकते. "आळशी झालाय मेला!" असा आजींचा निकाल पडतो. पण सात-आठ महिन्यांचे पिल्लू आळशी नसते. बहुधा त्याला दुखत असते आणि ते सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात.

या दुखण्याचे नाव 'हिप डिस्प्लेझिया', म्हणजे खुब्याची सदोष घडण. खुबा म्हणजे एक उखळ आणि त्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोल माथा. उखळ उथळ राहिले, सांध्याचे बंध ढिले पडले, की माथा जागेवरून सरकू लागतो, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. अमेरिकेत श्नेले नावाच्या पशुवैद्याने १९३५ साली कुत्र्यांतील या विकाराची नोंद केली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा थोराड जातींत तो फार. सडपातळ ग्रेहाउंडमध्ये अगदी विरळा.

दोष आनुवंशिक खरा. पण त्यामागे एक नव्हे, अनेक जनुके असतात. त्यामुळे धडधाकट आईबापांच्या पोटीही असे पिल्लू निपजते. तरीही पिल्लू घेताना त्याच्या आईबापांच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र अवश्य मागावे. मुलीचे लग्न ठरवताना आपण किती चौकशा करतो! इथे एवढी एक तरी करावी.

उरलेले पुष्कळसे आपल्या हातात आहे, आणि तेही स्वयंपाकघरात! अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला त्याच्या भावंडापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी दिले. मिताहारींचे खुबे अधिक चांगले राहिले, संधिवात उशिरा आला, आणि त्यांचे मध्यमान आयुष्य ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षे भरले. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा "खाऊ दे बिचाऱ्याला" ही माया त्याच्या खुब्यावर बसते. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, इतपतच अंग असावे. वाढत्या पिल्लाला मनानेच कॅल्शियम पाजणेही घातक.

तीन महिन्यांच्या आतील पिल्लाला रोज जिने चढायला लावू नये. मऊ मातीवर मोकळे बागडू द्यावे. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथे सतरंजी किंवा पायपुसणी अंथरावी. मोठ्या कुत्र्याला रोज बेताचे फिरणे आणि सोय असल्यास पोहणे उत्तम. आपली डोकेदुखीची गोळी मात्र त्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेनने त्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याची वेदनाशामके वेगळी असतात, ती पशुवैद्यच देईल. लंगडणे दिसताच क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, कारण काही शस्त्रक्रिया कोवळ्या वयातच करता येतात. पुढे कृत्रिम खुबा बसवण्याचाही मार्ग आहे.

असे कुत्रे पाहून कुणी ते रस्त्यावर सोडतात, कुणी त्याच्या जगण्यावरच फुली मारतात. एवढी घाई कशाला? वजन आटोक्यात, अंथरूण मऊ, औषध वेळेवर, इतके झाले तर यांतली पुष्कळशी कुत्री वर्षानुवर्षे सुखाने जगतात आणि संध्याकाळी दाराशी आपली वाट पाहत उभी राहतात. थोडी हळू उठतात, इतकेच.