पारवा, केरसुणी आणि स्टोक्सचा नियम

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत गॅलरीतील पारव्यांची वाळलेली विष्ठा झाडण्याचे काम तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येत असेल. केर सुपलीत भरला की काम झाले, असे आपल्याला वाटते. पण जो सुपलीत आलाच नाही, त्याचे काय?

हवेतून पडणाऱ्या बारीक कणाचे वजन आणि हवेचा विरोध समान झाले, की तो एकसमान वेगाने उतरू लागतो. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे जॉर्ज स्टोक्स यांच्या १८५१ सालच्या सूत्रावरून निघते. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर उतरतो. नाकाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, जमिनीवर यायला त्याला आठेक मिनिटे लागतात. ३ मायक्रोमीटरच्या कणाला मात्र दीड तास लागतो आणि १ मायक्रोमीटरच्या कणाला साधारण अर्धा दिवस! (गणित स्वतः करून पाहा.)

मोठे कण बहुधा नाकाघशातच अडकतात. हे तरंगणारे कण मात्र थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

त्यांच्याबरोबर क्रिप्टोकॉकस ही बुरशी जाऊ शकते. ती मुख्यतः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना बाधते. अधिक लक्ष द्यायला हवे ते विष्ठेतील व पिसांवरील भुकटीतील प्रथिनांकडे. काहींचे शरीर या प्रथिनांविरुद्ध अतिरेकी प्रतिक्रिया देते आणि फुप्फुसांना सूज येते. कबुतरे पाळणाऱ्यांमधील या विकाराचे वर्णन १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. खोकला, ताप, धाप ही लक्षणे संपर्कानंतर काही तासांनी दिसतात, म्हणून पारव्यांचा संशयच येत नाही. संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसाचा भाग तंतुमय होऊन कडक बनू शकतो, आणि तो पूर्ववत होत नाही. खोकला रेंगाळला, जिना चढताना दम लागू लागला, तर गॅलरीतल्या पारव्यांची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

२०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो निकालात निघेल तेव्हा निघो. आपली गॅलरी आपल्या हातात आहे. मीही कित्येक वर्षे ती कोरडीच झाडत होतो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला हे शोभत नाही! आधी पाणी हलकेच शिंपडून विष्ठा चांगली भिजू द्यावी. ओले कण एकमेकांना चिकटतात आणि उडत नाहीत. पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारू नये, कारण त्याने तुषार उडतात. घराकडची दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि एन-९५ मुखपट्टी बांधावी. साधा रुमाल इतके बारीक कण नीट अडवत नाही. घरात कोणाला दमा असेल, तर हे काम त्याच्याकडे देऊ नये.